आमच्यातलीच

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चाकणचा आवाज उतरतो. कंपन्यांचं वर्षअखेरीचं शटडाऊन लागतं, प्रेस थांबतात, मेंटेनन्सवाले मशिनची पोटं उघडून आत डोकी घालून बसतात. एरवी पहाटे मोशीच्या चौकात कंपन्यांच्या बसगाड्या एकमेकींच्या मागे धूर सोडत उभ्या असतात, त्या दिसत नाहीत. इंद्रायणीवरचं धुकं मग सोसायट्यांच्या वरच्या मजल्यांपर्यंत चढून येतं आणि बराच वेळ तिथंच रेंगाळतं. त्याला नदीचा वास असतो, म्हणजे फेसाचा, साबणाचा, आणि वारा फिरला तर मोशीच्या कचरा डेपोतल्या डोंगराचाही. तरी मला हा आठवडा आवडायचा. गॅलरीत चहाचा कप घेऊन उभं राहायचं, आणि कुठल्याही शिफ्टला पळायचं नाही.

आता नाही आवडत. कारण याच आठवड्याच्या तोंडावर आमच्या कंपनीतल्या बायकांचा ‘भटकंती सख्या’ नावाचा ग्रुप फोनवर जागा होतो. वर्षभर त्यावर गुड मॉर्निंगची फुलं आणि गुडघेदुखीचे उपाय येत असतात. डिसेंबर आला की एचआरमधल्या मृदुला मॅडम लिहितात, ‘सख्यांनो, या वर्षी कुठली प्राचीन मंदिरं कव्हर करायची?’

कव्हर करायची. हजारबाराशे वर्षं ऊन-पाऊस खात उभ्या असलेल्या दगडाला हे कव्हर करणार. त्या शब्दापाशी माझा अंगठा थांबतो, आणि ज्या वर्षी मी यांच्याबरोबर बदामीला गेले होते ते दिवस लाल धुळीसकट डोळ्यांपुढे येतात.

आम्ही सहा-सात जणी होतो. ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतल्या, कुणी अकाउंट्समधली, कुणी डिस्पॅचमधली. मी क्वालिटीत. आणि स्टोअर्समधली सुलभा. सुलभा माझी मैत्रीण होती. मोशीच्या जुन्या गावकरी घरातली, जिथं आज आमची सोसायटी आहे तिथं तिच्या चुलत्यांचा हरभरा असायचा म्हणे. मी पिंपरीतल्या कामगार चाळीत वाढलेली, वडील कंपनीत कामाला, संध्याकाळी विहारात वंदना, रविवारी घरात माशांचा वास. नोकरी लागली त्या पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये सुलभा माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्या डब्यातली सुकटीची चटणी तिनं मागून घेतली. त्यानंतर कित्येक वर्षं आमचे डबे एकत्रच उघडले. तिच्या मुलीची दहावी, माझ्या आईचं ऑपरेशन, तिच्या नवऱ्याचं पिणं, सगळं त्या स्टीलच्या टेबलावर बोलून झालेलं.

ट्रॅव्हलर सातारा ओलांडून खाली उतरली तशा मृदुला मॅडम पुढच्या सीटवरून मागे वळून बसल्या आणि त्यांनी आम्हाला प्राचीन मंदिरांमधली ऊर्जा समजावून सांगायला सुरुवात केली. गाभाऱ्यात उभं राहिलं की स्पंदनं कशी पायातून वर चढतात, तांब्याचा कळस कसा लहरी खेचतो. हे त्यांना कुणीतरी व्हिडिओत सांगितलेलं होतं. बाहेर उसाच्या ट्रॉल्या सरकत होत्या, ज्वारीची कणसं दाण्यानं भरत होती, गुऱ्हाळावरून गोड जळका वास येत होता. पण खिडकी उघडायची सोय नव्हती, कारण एसी चालू होता आणि ऊर्जाही.

बदामी हे गाव अशा लोकांना मुळात नकोच असतं. त्यांना लेणी हवी असतात, पट्टदकल हवं असतं, ऐहोळे हवं असतं. गाव म्हणजे देवळांच्या मधलं पायपुसणं. तिथं झोपायचं, केस धुवायचे, लॉजवाल्याशी गरम पाण्यावरून भांडायचं आणि सकाळी छान साडी नेसून देवळाकडे निघायचं. स्टँडसमोर गाडीतून उतरल्या उतरल्या आमच्यातल्या एकीनं नाकाला ओढणी लावली. रस्त्यावर डुकरं होती, गटार उघडं होतं, माकडं दुकानांच्या पत्र्यांवरून धावत होती. काय हे, एवढा मोठा वारसा आणि एवढं घाणेरडं गाव, असं मृदुला मॅडम म्हणाल्या. कचऱ्याच्या डोंगराच्या वाऱ्यावर घरं घेऊन हप्ते फेडणाऱ्या आम्ही सगळ्याजणींनी माना डोलावल्या.

मला मात्र ते गाव पाहताक्षणी आपलं वाटलं. लाल कड्याच्या कुशीत एकाला एक चिकटलेली घरं, ओट्यावर मिरच्या वाळत टाकलेल्या, भाकऱ्या थापल्याचा आवाज. कड्याखाली मोठं तळं आणि त्याच्या पायऱ्यांवर धुणं आपटणाऱ्या बाया. प्रत्येक आपटण्याचा आवाज समोरच्या कड्यावर जाऊन परत येत होता. बाई हात वर उचलायची तेव्हा मागच्याचा प्रतिध्वनी यायचा, त्यामुळे ती हवेतच धुणं धुतेय असं वाटायचं. मी हे सुलभाला दाखवलं. ती खळखळून हसली. तेवढं हसू अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी लेण्यांच्या पायऱ्या चढताना गाईड बरोबर होता, पण त्याला बोलायला कुणी दिलं नाही. खांबाला टेकून फोटो, खांबाला मिठी मारून फोटो, नटराजासारखा हात करून फोटो. देव जागृत आहे का, असं एकीनं विचारलं. हे लेणं आहे, इथं पूजा होत नाही, असं त्यानं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. एवढ्या पायऱ्या फुकट गेल्या, असं काहीसं त्यावर होतं. वर जाताना एका नैसर्गिक कपारीत झिजून झिजून नाक-डोळे गेलेली एक आकृती होती. गाईड म्हणाला, काही जण हिला बुद्धाची म्हणतात. कुणी थांबलं नाही, ऊन वाढत होतं. मी थांबले. दगडाचा गारवा तळहाताला लागला, बाकी काही स्पंदनं वगैरे चढली नाहीत. तेव्हा सुलभा मागे आली, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाली, “तुझा एक फोटो काढू का इथं?”

फोटो काढायला आवाज खाली का आणायचा, हे मला त्या क्षणी कळलं नाही. म्हणजे कळलं असावं, पण मी ते पुढे ढकललं. मैत्रीत माणूस बऱ्याच गोष्टी पुढे ढकलतो.

संध्याकाळी जेवायला आम्ही एका घरगुती खानावळीत गेलो. लॉजच्या मागच्या बोळात एक काकू स्वतःच्या पडवीत पंगत वाढायच्या. मंगळवेढ्याकडच्या माहेरच्या, लग्न होऊन इथं आलेल्या. मराठी माणसं आली की त्यांना बोलायची हौस यायची, कारण एरवी दिवसभर कन्नडच. पडवीत सतरंजी घातलेली होती, कोपऱ्यात चुलीचा धूर, ताटात भरलं वांगं, शेंगाची चटणी, दही आणि पापडासारखी कडक भाकरी. काकू एकेकीच्या पुढ्यात वाकून वाढत होत्या आणि विचारत होत्या, कुठल्या तुम्ही, नाव काय, आडनाव काय. प्रत्येकीनं सांगितलं. आडनाव ऐकलं की काकू त्याला एखादं गाव जोडायच्या, अमुक म्हणजे तिकडचे का, आमच्या गावात होते त्यातले एक.

माझी पाळी आली. मी तोंड उघडलं, आणि माझ्या गुडघ्यावर सुलभाचा हात पडला.

“ही सुजाता,” ती घाईनं म्हणाली. “आमच्यातलीच आहे.”

काकू बरं म्हणाल्या आणि भाकरी ठेवून पुढे सरकल्या. पंगत चालू राहिली. समोरच्या बाईनं ताक मागितलं. सुलभानं माझ्याकडे बघून डोळे हलकेच मिटले, म्हणजे काळजी करू नकोस, निभावलं. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी आजवर विसरू शकलेले नाही. मुलाला रस्ता ओलांडून दिल्यावर बायांच्या चेहऱ्यावर असतं तसं.

मी भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याला लावला, खाल्ला. चव चांगली होती. मग मी काकूंना हाक मारली. त्या वळल्या.

“माझं आडनाव राहिलं सांगायचं,” मी म्हणाले. “कांबळे. सुजाता कांबळे, पिंपरीची.”

काकूंच्या हातात पळी होती. ती क्षणभर हवेत राहिली. ते थांबणं कशामुळे होतं हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. त्या कदाचित आडनावाला गाव शोधत असतील. मग त्यांनी विचारलं, वांगं आणखी वाढू का? मी हो म्हटलं. त्यांनी वाढलं.

एवढंच झालं. काकूंच्या बाजूनं एवढंच. पण आमच्या पंगतीत मात्र सगळ्यांची मनगटं एकदम जड झाली. आणि त्या शांततेत मृदुला मॅडम बोलल्या. त्या म्हणाल्या की आपण असलं काही मानतच नाही, आपल्या ग्रुपमध्ये तर कुणीच मानत नाही, त्यांच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना त्यांनी आजवर जात विचारलेली नाही. मग त्या बाई कशा स्वच्छ असतात हे त्यांनी बराच वेळ सांगितलं. मी जेवत राहिले. मला राग यायला हवा होता, पण रागाला काहीतरी ऊब लागते. माझ्या पोटात नुसतं गार, स्वच्छ असं काहीतरी पसरत गेलं. यांच्या ऊर्जा, यांची स्पंदनं, यांचं न मानणं, सगळं एका टोपलीत भरून तळ्याच्या पायऱ्यांवरून सोडून द्यावं असं.

सुलभा त्या संध्याकाळी माझ्याशी बोलली नाही. सकाळी सगळ्या तयार होत असताना मी तळ्यावर गेले, तिथं ती मागोमाग आली. धुणाऱ्या बाया नुकत्या येऊन बसत होत्या. सुलभा पायरीवर बसली आणि एकदम रडायला लागली. कंपनीत पुण्यासारखं बोलणारी सुलभा रडताना मोशीची होते.

ती म्हणाली, सगळ्यांसमोर मी तिला मान खाली घालायला लावली. म्हणाली, तिनं हे माझ्यासाठीच केलं, अनोळखी गाव, अनोळखी बाई, कुणाच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. इतकी वर्षं तिनं मला असंच जपलं. तिच्या घरच्या हळदीकुंकवाला, तिच्या भावाच्या लग्नात, सासरच्या गणपतीत, सगळीकडे तिनं मला नेलं, आणि कुणाला काही कळूसुद्धा दिलं नाही.

“तुला कुठं काय बोललं गेलं असतं, तर मला सहन झालं असतं व्हय?” ती म्हणाली.

 मला एकेक दिवस आठवायला लागला. हळदीकुंकवाला ती माझी ओळख ‘ही सुजाता, कंपनीतली’ अशी करून द्यायची आणि लगेच मला आत चहा गाळायला न्यायची, तो मला आपलेपणा वाटायचा. तिच्या सासूनं माझं माहेर विचारलं तेव्हा तिनं मध्येच दुधाची पिशवी आणायला मला खाली पाठवलं होतं. कॅन्टीनमध्ये नवी मुलगी आली की सुलभा तिला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायची, मी तर सुजाताच्या डब्यातलं बिनधास्त खाते. मला वाटायचं माझ्या चटणीचं कौतुक चाललंय.

मी तिला विचारलं, काकूंनी काही म्हटलं का? तिनं नाही म्हणून मान हलवली. मग तुला कशाची भीती होती?

“मला काय ठावं न्हाई,” ती म्हणाली. “आमच्यात असंच करत्यात.”

हे तिचं सगळ्यांत खरं बोलणं होतं. त्याबद्दल तरी मला तिच्याविषयी काही वाटावं म्हणून मी वाट पाहिली. काहीच वाटलं नाही. समोरच्या कड्यावरून धुण्याचे आवाज परत येत होते.

त्या दिवशी बाकीच्या पट्टदकल आणि ऐहोळे कव्हर करायला गेल्या. मी डोकं दुखतंय म्हणाले. कुणी फार आग्रह केला नाही, उलट गाडीचं दार जरा घाईनंच लागलं. मी दिवसभर त्या गावात हिंडले. ज्या गावाला कुणी बघायला येत नाही ते गाव बघितलं. कासाराच्या दुकानात बांगड्या चढवताना बायांचे हात बघितले. शाळेच्या भिंतीपलीकडून मुलं कन्नडमध्ये पाढे म्हणत होती, आकडे कळत नव्हते पण चाल तीच होती. एका बोळाच्या शेवटी घराच्या भिंतीतच जुन्या देवळाचा कोरीव दगड बसवला होता आणि त्यावर गोवऱ्या थापल्या होत्या. मला त्या गोवऱ्यांचा राग आला नाही. देवळाचा दगड कुणाच्या तरी चुलीच्या कामाला येतोय. खांबाला मिठी मारून फोटो काढण्यापेक्षा ते बरं.

दुपारी पाय आपोआप खानावळीकडे वळले. पंगत उठून गेली होती. काकूंनी मला बघितलं, ताट मांडलं आणि स्वतःचंही ताट घेऊन समोर बसल्या. मग त्यांनी विचारलं, काल तुमच्या शेजारच्या बाई तसं का बोलल्या?

मी म्हटलं, तुम्ही मला पंगतीतून उठवाल अशी तिला भीती होती.

काकूंनी विचार केला. घाई केली नाही, मान हलवून ‘असं कसं’ म्हणाल्या नाहीत. “माझ्या सासूनं उठवलं असतं,” त्या म्हणाल्या. “मी आडनाव विचारते ते बोलायला काही हवं म्हणून. पण सासू विचारायची तेव्हा कशाला विचारायची, ते मला माहीत होतं. शब्द तेच आहेत की.”

मग त्यांनी मला दही वाढलं. माझ्या समोर बसून त्या जेवल्या, ही गोष्ट मी पुढे एकदोघींना सांगितली तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. किती मोठं मन, म्हणाल्या. मला हे पाणावलेले डोळेही नको झाले. एक बाई भुकेच्या वेळी दुसऱ्या बाईसमोर बसून जेवली, याचं कौतुक मी का करायचं? काकूंना ते कळत असावं. त्यांनी जेवताना एकदाही माझ्याकडे कौतुकाच्या आशेनं बघितलं नाही. ज्वारीचा भाव, माहेरचा रस्ता, मुलगा हुबळीला कामाला लागल्याचं, असंच बोलत राहिल्या. निघताना माझ्या हातावर शेंगाच्या चटणीची पुडी ठेवली, जशी सगळ्यांच्याच ठेवत असतील.

परतीच्या प्रवासात गाडीत गाण्यांच्या भेंड्या झाल्या. सुलभा पुढे मृदुला मॅडमच्या शेजारी बसली होती.

पुढे काय झालं, तर काहीच नाही. भांडण झालं असतं तर एक बरं असतं. आम्ही कॅन्टीनमध्ये भेटत राहिलो, भाजी आज काय, एवढं बोलत राहिलो. मी दुसऱ्या लायनीतल्या मुलींबरोबर बसायला लागले, ती स्टोअर्समधल्या बायांबरोबर. मग दोन वर्षांनी तिच्या मुलीचं लग्न आलं. तिनं घरी येऊन, कुंकू लावून बोलावणं केलं, म्हणून गेले. हायवेलगतचं मोठं लॉन, फेटेवाले, ढोलताशा. सुलभानं मला लांबूनच बघितलं, माझा हात धरून तिच्या सगळ्या भावकीच्या मधोमध नेलं आणि ढोलाच्या वरताण आवाज काढून सांगितलं, ही माझी मैत्रीण, सुजाता कांबळे. कांबळे. प्रत्येकाला सांगितलं, जाऊबाईंना, व्याह्यांना, सासूबाईंच्या खुर्चीपाशी वाकून सासूबाईंना. दरवेळी आडनावावर जोर. आणि दरवेळी माझ्याकडे एक नजर, की बघ.

मी तिच्या मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, जेवले, घरी आले. आधी ती मला झाकायची, आता मिरवत होती. दोन्ही वेळा हात माझा धरलेला आणि गोष्ट तिची चाललेली. घरी येऊन मी साडी बदलली, खिडकी उघडली. हायवेवरचे ट्रक चाकणच्या दिशेनं जात होते. बायका किती मेहनतीनं चांगल्या होतात, आणि त्या मेहनतीचा हिशेब दुसऱ्या बाईच्या अंगावर कसा मांडतात, याचं मला हसू आलं. ते हसू चांगलं नव्हतं, हे मला माहीत आहे.

यंदा पुन्हा तेच धुकं आहे. कालपासून प्रेस बंद आहेत. ग्रुपवर मृदुला मॅडमनी अंबाजोगाईचं ठरवलंय, तिथं राहून आसपासची जुनी मंदिरं बघायची, आणि खाली बायांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आहेत. मी काही लिहिलं नाही. सकाळी गॅलरीत चहा घेऊन उभी होते तर सुलभाचा फोन आला. आवाजात जुनी लगबग होती. ग्रुपबरोबर नकोच, आपण दोघीच जाऊ, म्हणाली. कुठंही, तू म्हणशील तिथं. मी या वर्षी सुट्टी घरीच काढणार आहे, असं सांगितलं.

मग तिनं विचारलं, “सुजे, तुझा माझ्यावरचा राग अजून गेला न्हाई का?”

“राग नव्हताच गं,” मी म्हणाले.

तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला, तो मला फोनमधून ऐकू आला. किती बरं वाटलं बघ, म्हणाली, मी उगाच इतकी वर्षं मनाला लावून घेतलं. मग ती नातवाबद्दल बोलायला लागली, त्याला दात येतायत, रात्रभर झोपू देत नाही. मी ऐकत होते. नदीवरचं धुकं समोरच्या इमारतीला अजून लपेटून होतं. राग नव्हता तर काय होतं, हे काही तिनं विचारलं नाही.